दोर धरणारे हात

‘‘डाक्टरसाहेब, गाय अडून राहिली जी, लवकर या.’’

असा फोन बहुतेक वेळा अवेळीच येतो. वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे किंवा आष्टी तालुक्यातलं डोंगराकडचं गाव, मोबाइलच्या बॅटरीचा उजेड, गोठ्यात थरथरत उभी गाय आणि तिच्याभोवती घरातली चार माणसं. डॉक्टर खांद्यापर्यंत हात साबणाने धुऊन आत घालतात आणि चाचपत सांगतात, एक पाय मागे दुमडलाय, मान वळलीय. वासराला थोडं मागे लोटून पाय सरळ करायचा, मान वाटेवर आणायची, मग दोन्ही पायांना दोर बांधायचे. इथपर्यंतचं काम डॉक्टरांचं. पुढचं काम दोर धरणाऱ्याचं. गाईला कळ आली की ओढायचं, कळ ओसरली की थांबायचं. ओढ वरच्या अंगाला द्यायची नाही, खाली, गाईच्या खुरांच्या दिशेने द्यायची. कळ नसताना दिलेला एक हिसका गर्भाशय फाडू शकतो. वासरू खाली आलं की त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढायचा, गोणपाटाने अंग खसखसून पुसायचं, नाळेला आयोडीन लावायचं आणि तासाभराच्या आत चीक पाजायचा.

हे करणारा माणूस बहुधा दवाखान्याचा परिचर असतो. सकाळी केसपेपर भरला जातो. त्यावर मालकाचं नाव येतं, गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक येतो, रोगनिदान, औषधं आणि डॉक्टरांची सही येते. दोर कुणी धरला होता, हे लिहायला त्या कागदावर रकाना नसतो.

पशुवैद्यकीय दवाखाना कसा चालवावा यावर बोलणं निघालं की यंत्रं, औषधं, सोनोग्राफी, एक्स-रे यांचीच चर्चा होते. दवाखाना उभा राहतो तो मात्र त्या न लिहिलेल्या रकान्यातल्या माणसांवर. जनावर आपलं दुखणं सांगत नाही आणि एकटा डॉक्टर चारशे किलोचा बैल आडवा पाडू शकत नाही. म्हणून माणसं निवडणं, त्यांना शिकवणं, जपणं आणि त्यांच्याकडून नीट काम करून घेणं हा पशुवैद्यकाच्या विद्येचाच भाग आहे. ही गोष्ट वर्धा जिल्ह्याच्या मातीत फार आधी रुजली होती.

सेवाग्रामच्या गोशाळेतून

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. १९४० मध्ये त्याच गावाचं नाव सेवाग्राम झालं. आश्रमात गोशाळा होती आणि तिची जबाबदारी बलवंतसिंह या आश्रमवासीयाकडे होती. डेअरीच्या शास्त्राचे जाणकार यशवंत महादेव पारनेरकरही गांधीजींच्या या कामात होते. एक रोज शेणामुतात राबणारा, दुसरा शास्त्र जाणणारा आणि दोघांच्याही कामात रस घेणारा, पत्रं लिहून विचारपूस करणारा नेता, अशी ती मांडणी होती.

गांधीजींचा हा रस नुसता भाविक नव्हता. १९२७ मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी ते बंगळुरूला होते, तेव्हा तिथल्या सरकारी डेअरी संस्थेत जाऊन त्यांनी गोपालनाचं शास्त्र समजून घेतलं. संस्थेच्या भेटपुस्तकात त्यांनी आपली ओळख लिहिली ती साबरमतीचा शेतकरी अशी. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, देशभर नाव झालेला माणूस गाईच्या दुधाचा हिशेब शिकायला बसला. आपल्या हाताखालच्या माणसाचं काम आधी स्वतःला कळलं पाहिजे, हा धडा त्यात होता. पांजरपोळ चालवायचा तर तिथे जाणकार माणूस हवा, नुसत्या दानधर्मावर गाय वाचणार नाही, असं ते सातत्याने मांडत राहिले.

१९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्यात गोसेवा संघाच्या कामाला वाहून घेतलं. एवढा मोठा उद्योगपती वर्ध्याजवळच्या गोपुरीत झोपडी बांधून राहू लागला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचं निधन झालं आणि अखिल भारतीय गोसेवा संघाची धुरा जानकीदेवी बजाज यांनी उचलली. पुढे राधाकृष्ण बजाज यांनी ते काम दीर्घकाळ नेलं. संस्थापक गेल्यावरही काम थांबलं नाही, कारण ते एका माणसाच्या अंगावर ठेवलेलं नव्हतं. त्याच परंपरेतलं गोरस भांडार आजही वर्धेकरांना गाईचं दूध देतं, आणि वर्ध्याहून परतणारा पाहुणा गोरसपाकाचा पुडा घेतल्याशिवाय गाडीत बसत नाही.

नळकांडीतला भरवसा

वर्धा जिल्ह्याची स्वतःची गाय आहे, गवळाऊ. पांढऱ्या-करड्या रंगाची, लांबट तोंडाची, चपळ. तिचे बैल गाडीला पळायला हलके आणि कापसाच्या शेतात डवऱ्याला चटकन वळणारे. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतल्या गवळ्यांनी ही जात पिढ्यान् पिढ्या सांभाळली. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडी इथे शासनाचं गवळाऊचं पैदास क्षेत्र आहे. ही जात टिकणार की नाही, हे आता बऱ्याच अंशी कृत्रिम रेतन करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात आहे.

त्याच्या मोटारसायकलला मागे एक नळकांडं बांधलेलं असतं. आत द्रवरूप नत्र, तापमान उणे १९६ अंश, आणि त्यात बुडवलेल्या गोठित रेताच्या कांड्या. कांडी वर काढताना ती नळकांड्याच्या तोंडाशी रेंगाळली तर रेत निकामी होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कांडी सदतीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची, मग वापरायची. गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कर्मचाऱ्याने कंटाळा करून पाण्याचं तापमान पाहिलं नाही, नत्राची पातळी मोजली नाही किंवा नोंदवहीत गवळाऊच्या जागी दुसरीच जात लिहिली, तर त्याच दिवशी काहीच बिघडत नाही. एकवीस दिवसांनी गाय उलटते, मालकाचा एक माज वाया जातो, आणि चुकीची नोंद पुढच्या पिढीत उतरते.

साहेब शेजारी उभे नसताना होणारं काम कसं सांभाळायचं, हा कुठल्याही संस्थेपुढचा सर्वांत अवघड प्रश्न. महाराष्ट्रात त्याचं मोठं उत्तर मणिभाई देसाई यांनी दिलं. १९४६ मध्ये गांधीजींनी पुण्याजवळच्या उरुळीकांचनला नेमलेला हा कार्यकर्ता. त्यांनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था सुरू केली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेलं. १९८२ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. गावोगावी एकटा फिरणारा प्रशिक्षित तरुण आणि त्याच्यामागे नत्राचा नियमित पुरवठा, नोंदी, देखरेख अशी ती पद्धत. अशा कामाचं मोजमाप किती कांड्या वापरल्या यावर करायचं नसतं. किती गाई गाभण राहिल्या आणि किती वासरं जमिनीवर आली, यावर करायचं असतं. मोजमाप बदललं की माणसाचं वागणं बदलतं. कांड्या मोजल्या तर तो घाई करतो, वासरं मोजली तर गाय खरंच माजावर आहे का, हे आधी बघतो.

कुणी काय करायचं

आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात सरकारी दवाखान्याची उतरंड ठरलेली आहे. पशुधन विकास अधिकारी, त्याखाली पशुधन पर्यवेक्षक, मग व्रणोपचारक, मग परिचर. कागदावर सगळं नीट दिसतं. प्रत्यक्षात एकेका डॉक्टरकडे दोन-तीन दवाखान्यांचा कार्यभार असणं ही ग्रामीण महाराष्ट्राची जुनी तक्रार. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्यक असावा असं सुचवलं होतं. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२५ मध्ये पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या तब्बल २,७९५ पदांसाठी जाहिरात काढली. एवढ्या जागा एकदम भरायला निघतात, यावरूनच आधी किती खुर्च्या रिकाम्या होत्या ते कळतं.

डॉक्टर नसतो तेव्हा शेतकरी थांबत नाही. तो परिचराला विचारतो, कंपाउंडरला बोलावतो. इथे कायदा आडवा येतो आणि तो यायलाच हवा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ मधील कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकालाच करता येतो. किरकोळ सेवा इतर प्रशिक्षित माणसं देऊ शकतात, पण पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार. म्हणजे मलमपट्टी कोण करणार, लस कोण टोचणार, शिरेतून सलाइन कुणी लावायचं नाही, ही रेघ दवाखान्याच्या प्रमुखाने स्वतः ओढून, समजावून सांगितली पाहिजे. ती ओढली नाही तर दोन प्रकारची माणसं तयार होतात. एक सगळंच करून टाकणारा, दुसरा काहीच न करणारा. दोन्हीकडून नुकसान जनावराचं.

चांगल्या दवाखान्यात फोनजवळ भिंतीवर एक कागद चिकटवलेला असावा. डावी कूस फुगली, गाय अडली, साप चावला, फवारणीचं औषध पोटात गेलं, कोवळी ज्वारी खाल्ली, यातलं काहीही कानावर आलं तर हातातलं काम सोडून डॉक्टरांना कळवायचं. कापूसपट्ट्यात फवारणीच्या दिवसांत जनावरांना विषबाधा होते. कोवळ्या ज्वारीतलं विष मिनिटांचा हिशेब मागतं. अशा वेळी फोन उचलणाऱ्या मुलाने ‘‘साहेब जेवायला गेले, चारनंतर या’’ म्हटलं तर त्याच्यावर ओरडून उपयोग नसतो. कोणता फोन थांबू शकत नाही, हे त्याला कुणी शिकवलं होतं का, हा पहिला प्रश्न.

लम्पीचे दिवस

४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी त्वचारोग झालेलं जनावर आढळलं आणि पाहता पाहता हा आजार राज्यभर पसरला. राज्यातल्या जवळपास एक कोटी चाळीस लाख गोवंशाला लस द्यायची होती. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना वापरायचं ठरलं. मनुष्यबळ तेवढंच होतं, म्हणून पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे आंतरवासी विद्यार्थीही मैदानात उतरवले गेले.

लसीकरणाचं पथक गावात उतरतं तेव्हा नेतृत्व म्हणजे काय, ते दहा मिनिटांत दिसतं. एकाने शीतपेटी सांभाळायची, लस दोन ते आठ अंशांच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. एकाने जनावर धरायचं. एकाने टोचायचं, आणि एका जनावराची सुई दुसऱ्याला वापरायची नाही. एकाने बिल्ल्याचा क्रमांक आणि मालकाचं नाव लिहायचं. कामं अशी वाटली तर गाव दुपारपर्यंत आटोपतं. सगळेच सगळं करू लागले तर शीतपेटीचं झाकण उघडं राहतं, नोंदी चुकतात, आणि कुण्या म्हातारीची एकुलती एक गाय राहून जाते. मेलेल्या दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये भरपाई होती. ती मिळायलाही नोंद बरोबर लागत होती.

१९६२ या टोल फ्री क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या दवाखान्याची रचनाही अशीच आटोपशीर आहे. गाडीत तिघे असतात, एक डॉक्टर, एक मदतनीस, एक चालक. चालकानेच दोर धरायचा असतो. गाडी चालवायला आलोय, ढोरं धरायला नाही, असं त्याने म्हटलं की पथक तिथेच मोडलं. त्याला पहिल्याच दिवशी वेसण कशी धरायची, मुसकी कशी घालायची, बैलाच्या मागे कुठे उभं राहायचं नाही, हे शिकवलं आणि उपचारानंतर ‘‘तुमच्यामुळे सलाइन नीट लागलं’’ असं चारचौघांत सांगितलं, तर तो आपण होऊन खाली उतरतो.

आधी सहकारी सुरक्षित हवा

दवाखान्यातली बहुतेक भांडणं पगारावरून होतात असं वाटतं. खोलात गेलं तर बऱ्याचदा मूळ वेगळंच निघतं. माझ्या जिवाची इथे कुणाला पर्वा नाही, ही सल त्यात असते.

गर्भपात झालेल्या गाईची अडकलेली वार हातमोज्याशिवाय काढणाऱ्या माणसाला ब्रुसेलोसिस होऊ शकतो. त्यात ताप येतो-जातो, सांधे धरतात, महिनोन् महिने अशक्तपणा राहतो. माणसासाठी यावर सर्रास वापरात असलेली लस नाही. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना जी ब्रुसेलाची लस देतात तिच्यात जिवंत जंतू असतात. ती टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तरी धोका. कुत्री हाताळणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची लस आधीच घेतलेली असली पाहिजे, चावल्यानंतर पळापळ करून नाही. खांद्यापर्यंतचे हातमोजे, चष्मा, गमबूट आणि पक्का खोडा यांचा खर्च कुठल्याही यंत्रापेक्षा कमी आहे. तो खर्च टाळून ‘‘जरा जपून’’ म्हणणाऱ्या प्रमुखाचा शब्द हळूहळू कुणी मनावर घेत नाही.

मोठ्या शस्त्रक्रियेत सहकाऱ्याला बोलण्याचीही सुरक्षितता हवी. शहरातल्या मोकाट गाईंच्या पोटातून प्लास्टिकचे गोळे काढायला डावी कूस उघडावी लागते. त्या गडबडीत कापसाचा बोळा आत राहून जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये माणसांच्या शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. त्या यादीत नवं औषध नव्हतं. बोळे मोजले का, रुग्ण तोच आहे का, सगळ्यांनी एकमेकांना नावं सांगितली का, असे साधे प्रश्न होते. गाईच्या शस्त्रक्रियेतही परिचराने मोठ्याने ‘‘दहा दिले, नऊ आले’’ म्हणायचं आणि डॉक्टरांनी टाका थांबवायचा. वयाने, शिक्षणाने, पदाने लहान माणसाला मोठ्याला थांबवता आलं पाहिजे. डॉक्टरांनी एकदा जरी ‘‘तुला काय कळतं’’ म्हटलं, तर पुढच्या वेळी तो मोजेल, पण बोलणार नाही.

शहर, खासगी दवाखाना आणि उधारी

वर्धा आणि हिंगणघाट शहरांत आता कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर झाले आहेत. तिथला कर्मचारी वेगळ्या परीक्षेला बसतो. रक्ताचे जुलाब होणारं पिल्लू घेऊन कुणी दारात आलं तर त्याला इतर पिल्लांच्या रांगेत बसवायचं नाही, पार्व्हो या विषाणूचा संसर्ग झपाट्याने पसरतो. खर्चाचा अंदाज आधी सांगायचा. चौदा वर्षांचा कुत्रा शेवटचा श्वास घेत असताना घरच्यांपुढे बिलाचं पुस्तक उघडायचं नाही. या गोष्टी पदवीत येत नाहीत, दवाखान्यात रोज बोलून अंगवळणी पडतात. म्हणून आठवड्यातून एकदा, शटर अर्धं ओढून, चहासोबत वीस मिनिटं सगळ्यांनी बसणं फार मोलाचं. या आठवड्यात काय चुकलं, याची सुरुवात प्रमुखाने स्वतःच्या चुकीपासून केली तर इतरांची तोंडं उघडतात.

वर्ध्याजवळ पिपरी मेघे इथे पीपल फॉर अ‍ॅनिमल्सचं करुणाश्रम आहे. जखमी कुत्र्या-गाईंपासून रानातल्या प्राण्यांपर्यंत अनेकांना तिथे आसरा मिळतो. अशा कामाला स्वयंसेवक लागतात. प्रेमापोटी आलेल्या माणसालाही पिंजऱ्याचं दार कोणी उघडायचं आणि कोणी नाही, हे सांगावंच लागतं. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं बोर अभयारण्य याच जिल्ह्यात आहे. रानातलं जनावर माणसाच्या लळ्याने दगावू शकतं, हे मायाळू माणसाला समजावणं हेही नेतृत्वच.

खासगी दवाखान्याची खरी नाडी मात्र कापसाच्या बाजाराशी बांधलेली असते. गावातला शेतकरी उपचाराचे पैसे कापूस विकल्यावर देतो. दसरा-दिवाळीपर्यंत वहीत उधारी चढत जाते. डॉक्टरने ती सोसावी, पण आपल्या मदतनिसाच्या पगारावर ढकलू नये. त्याच्या घरचा किराणा कापूस फुटण्याची वाट बघत नाही. ज्या दवाखान्यात महिन्याची तारीख चुकत नाही, ठरलेली सुट्टी मिळते आणि रात्रीच्या फेरीचे वेगळे पैसे मिळतात, तिथली माणसं टिकतात. माणूस टिकला की गावातली जनावरं, त्यांचे मालक, कोणती गाय लाथाडते आणि कोणता गोऱ्हा शिंग मारतो, हे ज्ञान टिकतं. ते कुठल्याही संगणकात भरलेलं नसतं.

नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २००० पासून राज्याचं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठही तिथेच आहे. वर्ध्यातले अनेक डॉक्टर तिथूनच शिकून येतात. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात त्यांना शेकडो रोगांची नावं पाठ होतात. पहिल्या नेमणुकीवर मात्र त्यांच्यापुढे उभा राहतो तो त्यांच्या वडिलांच्या वयाचा परिचर. त्याला ‘अरे’ म्हणायचं की ‘भाऊ’, इथून त्यांच्या दवाखान्याचं भवितव्य सुरू होतं. नव्या तुकड्यांत मुलींची संख्या वाढते आहे. रात्री दूरच्या गावाला जाताना सोबत विश्वासाचा माणूस आणि चालू गाडी असणं ही त्यांच्यासाठी सवलत नाही, कामाची गरज आहे. हे जिल्हा पातळीवर बसलेल्यांनी आधी मान्य करावं.

श्रावण संपता संपता पोळा येतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सिंदी रेल्वेला लाकडी नंदी घेऊन पोरं रस्त्यावर उतरतात आणि अवघं गाव बघायला लोटतं. पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-तूप लागतं, शिंगांना बेगड चढते. वर्षभरात याच बैलाला कधीतरी रात्री पोटफुगी झाली होती आणि कुणीतरी त्याची वेसण धरून चिखलात उभं राहिलं होतं.

पशुवैद्यकांना एक विनंती आहे. तुमच्या केसपेपरवर सहीच्या वर एक रकाना वाढवा, ‘सहाय्य कोणी केलं’, आणि त्यात रोज नाव लिहा. शेतकरी वाचकांनो, पुढच्या पोळ्याला गावातल्या ढोरांच्या दवाखान्यात पुरणपोळीचा डबा न्याल, तेव्हा दोर धरणाऱ्या भाऊंचं नाव विचारा आणि डबा त्यांच्या हातात द्या.